तुरीचा भाव आणि परदेशाशी करार

बातम्यांत ‘परराष्ट्र धोरण’ हा शब्द आला की आपण रेडिओचा आवाज कमी करतो. पण आपल्या निलंग्याच्या तुरीचा भाव त्यातच अडकलेला आहे.

2015 साली तूरडाळ 200 रुपये किलोपर्यंत गेली. म्हणून जुलै 2016 मध्ये भारताने आफ्रिकेतल्या मोझांबिकशी डाळी आणण्याचा करार केला. त्याच वर्षी पाऊस चांगला झाला, आपल्याकडं तूर भरपूर पिकली आणि भाव 5050 रुपये हमीभावाच्याही खाली गेला. खरेदी केंद्रांपुढं रांगा लागल्या. ऑगस्ट 2017 मध्ये सरकारने आयातीवर मर्यादा घातली. 2021 मध्ये ती उठवली आणि शेजारच्या म्यानमारशी वर्षाला 1 लाख टन तुरीचा करार झाला.

शेजाऱ्याशी देवघेव वाईट नाही. म्यानमारचा शेतकरी तूर पिकवतो ती मुख्यतः भारतासाठीच. आणि डाळ महागली की मजूर बाईच्या घरचं वरण आधी पातळ होतं. पण आफ्रिकेची तूर बंदरात उतरते ती आपली रास व्हायच्या आधी. गोदामं भरलेली असली तर आपल्या पोत्याला कोण विचारणार?

म्हणून आपलं मागणं साधं आहे: डाळ कमी पडली तर जरूर आणा, पण भाव हमीभावाखाली गेला की आयात थांबवा. पुढच्या बैठकीत गटाच्या वहीत हमीभाव आणि बाजारभाव शेजारी शेजारी लिहा. ग्रामसभेत ठराव मांडा आणि तो खासदारांना पाठवा. करार दिल्लीत होतात, पण तुरीची खुरपणी आपणच करतो.