अधिवेशन, मोर्चे आणि कॉफी हाऊस
(रौप्यमहोत्सवी वर्षातील कोजागिरी कार्यक्रमात एका सभासदाने केलेले भाषण)



"काकाजी, राजकारण सोडून बोला," असं मला बजावलं आहे. म्हणून मी हॉटेलवर बोलतो.

माझं आवडतं हॉटेल म्हणजे नागपूरचं, सदरमधलं इंडियन कॉफी हाऊस. विधानभवनापासून पायी जाता येतं. हिवाळी अधिवेशन लागलं की मला घरी चैन पडत नाही, हे आमच्या घरच्यांना ठाऊक आहे. त्या विचारतात, "अधिवेशनाला चालले का मसाला डोसा खायला?" दोन्हीला, बाप्पा! पूर्वी एस.टी.नं जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडायचा. आता शेलूबाजारहून समृद्धीला लागलं की झालं.

१९५६ मध्ये नागपूरचा राजधानीचा मान गेला. वर्षातून एक तरी अधिवेशन तिथे घ्यायचं, हे १९५३ च्या नागपूर करारातच ठरलं होतं. १९६० पासून, काही वर्षं सोडली तर, ते होत आलं. आमदाराच्या चिठ्ठीवर पास मिळतो, गॅलरीत बसता येतं. पण खरं सांगू का, गॅलरीपेक्षा रस्त्यावर जास्त कळतं. यशवंत स्टेडियमहून मोर्चे निघतात. अंगणवाडी सेविका, विनाअनुदानित शाळांचे शिक्षक, कोतवाल, कोण नसतं? मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटला पोलीस अडवतात. २३ नोव्हेंबर १९९४ ला तिथेच गोवारी बांधवांच्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली, ११४ माणसं गेली. त्यात बाया होत्या, लेकरं होती. झिरो माइलजवळ त्यांचं स्मारक आहे. तिथून पुढे जाताना माझी तरी बडबड बंद होते.

मग कॉफी हाऊस. एका टेबलावर पत्रकार, दुसऱ्यावर कोणाचा तरी पीए, तिसऱ्यावर फाइल छातीशी धरून बसलेला आपल्याच भागातला एखादा गडी. पांढरा गणवेश घातलेला वेटर तिघांनाही सारख्याच शिस्तीत कॉफी देतो. कोणी 'लवकर उठा' म्हणत नाही.

काऊन म्हणत नाही, त्याला इतिहास आहे. ही कॉफी हाऊसं आधी कॉफी बोर्डाची होती. पहिलं १९३६ साली मुंबईत चर्चगेटला निघालं. पन्नासच्या दशकात बोर्डानं ती बंद करायला घेतली, कामगार रस्त्यावर यायची पाळी आली. तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी त्यांना सांगितलं की संस्था काढा आणि हॉटेलं तुम्हीच चालवा. १९५७ मध्ये बंगळूरला पहिली सहकारी संस्था निघाली, त्याच वर्षी दिल्लीतही कॉफी हाऊस सुरू झालं. दिल्लीचं ते राजकीय गप्पांचं इतकं मोठं ठिकाण झालं, की आणीबाणीत ते पाडून टाकलं गेलं. पुढे ते मोहनसिंग प्लेसमध्ये पुन्हा उभं राहिलं.

म्हणजे कॉफी आणून देणारा तो माणूस नोकर आहे आणि सभासदही. सभेत आचाऱ्याला एक मत, मॅनेजरलाही एकच.

आता आपल्याकडे या. आपणही सहकारीच आहोत. इथेही एका सभासदाला एकच मत, फ्लॅट वनबीएचके असो की टूबीएचके. पण आपली मागची वार्षिक सभा आठवा. गणपूर्ती नाही म्हणून अर्धा तास तहकूब, आणि अर्ध्या तासानं त्याच अकरा जणांत सुरू! पाण्याची टाकी गळते तेव्हा मात्र व्हॉट्सॲपवर सारे मालक असतात. विधानसभेत कोण काय बोललं यावर आपण जिन्यात तासभर भांडतो, मीही भांडतो. आपल्या टाकीचा ठराव कोणी मांडला, हे विचारलं तर सांगता येत नाही.

पंचवीस वर्षं झाली, प्लंबिंग तेवढंच जुनं झालं आहे. येत्या वर्षात मोठा खर्च आहे आणि तो कसा करायचा हे नवी समिती ठरवणार. निवडणुकीला सात जागा आहेत, आजपर्यंत अर्ज आले तीन. त्यातला एक माझा आहे. बाकीचे कोरे अर्ज सचिव साहेबांच्या बॅगेत आहेत, आणि मुदत येत्या शनिवारपर्यंत आहे.