पाटीआधी पळसाचं पान
(हंगामाच्या सणाच्या उपासनेनंतर मंडळीपुढे केलेलं भाषण)



आपल्या देणग्यांवर चालणाऱ्या बालवाड्या पाहायला आपल्यापैकी पुष्कळजण डहाणूच्या पाड्यांवर येऊन जातात. आल्यावर प्रेमाने एखाद्या लेकराला जवळ घेतात आणि म्हणतात, "क, ख, ग म्हणून दाखव बघू." मूल गप्प बसतं. मग मला बाजूला घेऊन हळूच विचारतात, "ताई, वर्ष झालं, अजून मुळाक्षरं येत नाहीत?" त्या प्रश्नाचं उत्तर आज सर्वांसमोर द्यावं म्हणून मी उभी आहे.

हे लेकरू घरी वारली बोलतं. वारली मराठीच्या जवळची खरी, पण आपली पुस्तकी मराठी त्याच्या कानांना परकीच. परक्या भाषेतली अक्षरं चार वर्षांच्या मुलाकडून घोकून घेता येतात. पाहुणे खूशही होतात. पण पहिलीत गेल्यावर फळ्यावरचा साधा शब्द वाचायची वेळ आली, की तेच मूल अडतं. "याला डोकं नाही," असा शिक्का बसतो. हळूहळू शाळा सुटते आणि ते गुरांमागे जाऊ लागतं. डोकं असतं हो, पण त्याला कोणी काही विचारलेलंच नसतं.

म्हणून आमच्या ताई पाटीआधी पानं, बिया, खडे पुढे ठेवतात. एकदा त्यांनी विचारलं, "हे पान कशाचं?" मुलं म्हणाली, "पळसाचं." "कशावरून?" "तीन पानं आहेत म्हणून." तेवढ्यात पाच वर्षांची एक मुलगी आपल्या बोलीत म्हणाली, पांगाऱ्यालाही तीनच असतात. दोघं धावत जाऊन पांगाऱ्याची डहाळी घेऊन आली. मग सगळ्यांनी दोन्ही झाडं पाहिली. पांगाऱ्याच्या खोडाला काटे, पळसाला नाहीत. कुठेही जा, पळसाला पानं तीन, असं आपण म्हणतो. पण तीन पानं दिसली म्हणजे पळसच, असं होत नाही. हा विचार त्या मुलीने स्वतः केला. आपण मोठी माणसंही कितीदा तिथेच चुकतो!

आता याचा वाचनाशी काय संबंध, असं कोणी विचारेल. 'घ' आणि 'ध' शेजारी लिहून पाहा, 'म' आणि 'भ' लिहून पाहा. फरक असतो तो डोक्यावरच्या एवढ्याशा गाठीचा आणि तुटलेल्या रेघेचा. ज्या डोळ्यांनी पानाची कड आणि खोडाचा काटा टिपला, तेच डोळे पुढे ही गाठ टिपतात.

दुसरा खेळ क्रमाचा. राब भाजणं, पेरणी, आवणी, कापणी, झोडणी, अशी भातशेतीची चित्रं मुलं ओळीने लावतात. ताई मुद्दाम कापणी आधी ठेवतात. मुलं हसतात आणि का चुकलं ते सांगतात. वाचतानाही एकामागून एक काय येतं ते धरून ठेवावं लागतं.

तिसरा खेळ कानांचा. 'मका' म्हणताना दोन टाळ्या, 'कोंबडी' म्हणताना तीन. मग मका, माती, मासळी म्हणायचं आणि सुरुवातीला ओठ कसे मिटतात ते पाहायचं. आपल्या लिपीत बहुधा एका टाळीला एक अक्षर येतं. ज्याच्या कानाला शब्दाचे तुकडे कळले, त्याला अक्षर हे त्या तुकड्याचं चित्र आहे, हे पटकन उमगतं.

ही काही आमची नवी युक्ती नव्हे. ताराबाई मोडक यांनी 1945 साली अनुताई वाघ यांच्या साथीने बोर्डीला आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर हेच काम केलं. महागड्या साधनांऐवजी परिसरातल्या वस्तू घेतल्या, बालवाडी मुलांच्या अंगणात नेली, गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही लहान मुलांना शक्य तिथे घरच्या भाषेतून शिकवावं, असं म्हटलं आहे.

बंधुभगिनींनो, आपण मुळाक्षरांचे तक्ते आनंदाने पाठवता, त्यांचाही दिवस येतो. पण त्याआधी चित्रांची पुस्तकं पाठवा. त्याच पाड्यातली, मुलांची बोली बोलणारी ताई टिकावी म्हणून तिच्या मानधनाला हातभार लावा. तिच्याशिवाय यातला एकही खेळ चालत नाही. आणि पुढच्या वेळी याल तेव्हा क, ख, ग विचारू नका. एखादं पान हातात धरून "हे कशाचं?" असं विचारा. उत्तर आलं की "कशावरून?" म्हणा, आणि थोडं थांबा. उत्तर वारलीत आलं तर ताई समजावून सांगतील.

बारा वर्षांचा प्रभू येशू मंदिरात सापडला तेव्हा गुरुजनांना प्रश्न विचारत होता, हे आपण जाणतो. आपल्या पाड्यांवरच्या लेकरांनाही विचारू द्या. वाचायला ती शिकतीलच, आणि वाचलेलं खरं की खोटं हेही पारखतील.