एक क, दोन ख



आधी एक खेळ. एक ते दहा म्हणा. आता क ते ञ म्हणा. दोन्ही चटकन झालं. आता एकाआड एक म्हणा: एक क, दोन ख, तीन ग... बघा, ‘पाच ङ’पाशीच सगळे अडखळून हसायला लागलात!

आकडे तेच, अक्षरं तीच. मग अडलं कुठे? विचार करायला लागणारी दोन कामं मेंदू एकदम करत नाही. तो एकावरून दुसऱ्यावर उडी मारतो. दर उडीला वेळ जातो आणि चुका वाढतात.

डोक्यावरचा भार शरीरातही दिसतो. १९६६ साली कानेमन आणि बीटी या मानसशास्त्रज्ञांनी काही जणांना आकडे ऐकून लक्षात ठेवायला सांगितले. आकडे वाढत गेले तशी त्यांच्या डोळ्यांतली बाहुली मोठी होत गेली आणि ते म्हणून दाखवताना पुन्हा लहान झाली. २००८ साली ग्लोरिया मार्क आणि सहकाऱ्यांनी कामात व्यत्यय आणून पाहिले. लोकांनी काम उलट लवकर संपवलं, दर्जाही घसरला नाही. पण ताण आणि चिडचिड वाढली. म्हणजे काम निभावतं, किंमत माणूस मोजतो.

मी सॉफ्टवेअरवाली. कानात मीटिंग, बोटं कीबोर्डवर, समोर चॅट. ‘अष्टावधानी’ म्हणून माझं कौतुकही व्हायचं. एका संध्याकाळी अशातच आईचा फोन आला. मी ‘हं, हं’ करत राहिले. फोन ठेवला तेव्हा छाती धडधडत होती आणि आई काय म्हणाली ते आठवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी भावाकडून कळलं, तिला दोनदा चक्कर आली होती. ते तिनं आधी मलाच सांगितलं होतं!

आई बरी झाली. पण मला तब्येतीचं काही सांगेनाशी झाली. म्हणायची, “तू कामात असतेस.”

गणिताच्या बाई समोर बसल्या आहेत. बाई, तुम्ही म्हणायचात, “पेन्सिल खाली ठेवा. आधी ऐका, मग लिहा.” तेव्हा ती नुसती शिस्त वाटायची. आता आईचा फोन आला की मी लॅपटॉप मिटते.

परवा ती आपणहून म्हणाली, “गुडघा दुखतोय गं.” काय सांगू, ऐकून किती बरं वाटलं!