हॉटेलातले ताट आणि मधुमेह



वर्धापनदिनी आजाराचे बोलणे कोणाला रुचणार नाही. परंतु हा विषय आता घरोघरचा झाला आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीत देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींवर गेल्याचे आढळले. त्यांतलीच मी एक. घरात पथ्य निभावते. उंबरा ओलांडला की पंचाईत होते. म्हणून बाहेरच्या खाण्याविषयी चार शब्द सांगते.

पहिला अडसर संकोचाचा. हॉटेलातला चहा बहुधा साखर घालूनच उकळलेला असतो. ‘माझा बिनसाखरेचा वेगळा करा’ म्हणायला आपली जीभ रेटत नाही. पैसे मोजून मागण्यात लाज कसली? हीच गोष्ट खाणावळीतल्या आग्रहाची. पोट भरले की ताटावर हात आडवा धरावा.

दुसरा अडसर गैरसमजाचा. आपला मुलूख ज्वारीचा, म्हणून ‘भाकरी कितीही चालते’ असे आपण धरून चालतो. ज्वारी चांगलीच, पण १०० ग्रॅम पिठात सुमारे ७० ग्रॅम पिष्ट असते, जवळजवळ गव्हाइतकेच. तेव्हा भाकरी एक घ्यावी, जोडीला पालेभाजी किंवा उसळ, कांदा-काकडी आणि ताक. भाकरी घेतली तर भात सोडावा. गूळ आणि उसाचा रस हीही साखरच. नवरात्रात तुळजापूरला जाताना वाटेत साबुदाण्याची खिचडी ‘उपवासाची, हलकी’ म्हणून आपण खातो. पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट!

आता सर्वांत महत्त्वाचे. साखर वाढण्याची भीती सर्वांना असते. ती एकाएकी उतरण्याचा धोका मात्र पुष्कळांना ठाऊक नसतो. घरून इन्सुलिन टोचून निघावे आणि हॉटेलात ताट यायला तास लागावा. किंवा गोळी घेऊन देवीला पायी निघावे आणि वाटेत खाणे चुकावे, की साखर ७० च्या खाली जाऊ शकते. हात थरथरतात, दरदरून घाम सुटतो, बोलणे भरकटते. अशा वेळी तीन लहान चमचे साखर पाण्यातून लगेच द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा पाहावे. कुंथलगिरीचा पेढा पिशवीत असला तरी तो येथे उपयोगाचा नाही; खव्यातल्या स्निग्धांशामुळे त्यातली साखर सावकाश अंगी लागते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता तडक दवाखाना गाठावा. प्रवासात औषध केव्हा घ्यायचे, हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे.

म्हणून साखरेची पुडी पिशवीत असू द्या आणि आपल्याला मधुमेह आहे हे सोबतच्या बाईला सांगून ठेवा. सर्वांना घास पोचेपर्यंत आपण उपाशी थांबायचे, ही आपली रीत येथे जिवावर बेतू शकते.

ज्यांना हा विकार नाही त्यांना एकच विनंती: ‘एका पेढ्याने काय होतंय?’ असा आग्रह करू नका. आणि तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीने सरकारी आरोग्य केंद्रात जाऊन साखर तपासून घ्यावी. तेथे ती मोफत होते.