दुर्मिळ कर्करोग आणि रोग्याचें मत

दर लाख लोकांमागें वर्षाकांठीं सहांहून कमी माणसांना जडणाऱ्या कर्करोगास युरोपांतील तज्ज्ञ दुर्मिळ कर्करोग म्हणतात. एकेक प्रकार दुर्मिळ असला, तरी असे प्रकार दीडशेंहून अधिक आहेत. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या गणनेप्रमाणें युरोपीय संघांतील नव्या कर्करोग्यांपैकीं शेंकडा सुमारें २२ या वर्गांत मोडत होते.

हे रोगी देशोदेशीं विखुरलेले असतात. एका रुग्णालयांत चारदोन जमले, तर तेवढ्यांवरून औषधाचा गुण ठरवावा कसा? शिवाय गांठ किती आकसली हें डॉक्टर मोजून सांगतील; पण दोन महिन्यांच्या वाढीव आयुष्यापायीं अंथरुणास खिळून राहणें परवडलें कीं नाहीं, हें सांगण्याचा अधिकार रोग्याचाच.

हा अधिकार युरोपीय संघानें कायद्यानें मान्य केला. १९९९ च्या डिसेंबरांत संमत झालेल्या कायद्यान्वयें दुर्मिळ रोगांवरील औषधांसाठीं एक समिति स्थापन झाली. तींत रोग्यांच्या संस्थांचे तीन प्रतिनिधि तज्ज्ञांच्या बरोबरीनें सभासद म्हणून बसूं लागले. कोणत्या औषधास विशेष सवलती द्याव्यात याची शिफारस या समितीकडे आली. त्यामुळें संशोधनाचा पैसा कोणत्या वाटेनें वळावा, यांतही रोग्याचा शब्द पोंचला.

तिघांनीं सर्वांची व्यथा मांडणें अवघडच. त्यांतून आजाराची मुदत थोडी आणि समित्यांचें कामकाज लांबणारें. मत देणाराच पुष्कळदां निर्णय ऐकण्यास उरत नाहीं. म्हणूनच तें मत पुढच्या रोग्यासाठीं मागें ठेवलेली ठेव समजून जपलें पाहिजे.