चार दोर आणि पनामा कालवा

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा संक्षिप्त मजकूर)



आजचा विषय जरा लांबचा आहे. स्वतःची छोटी शिडाची बोट घेऊन पनामा कालवा ओलांडायचा असेल, तर काय तयारी करावी लागते?

आपले दिलीप दोंदे २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, ते केप हॉर्नला वळसा घालून. तिथले वारे आणि लाटा ज्यांना टाळायच्या असतात, ते पनामाची वाट धरतात.

१५ ऑगस्ट १९१४ रोजी सुरू झालेला हा कालवा सुमारे ८० किलोमीटर लांब आहे; पण तो सपाट चर नव्हे. चाग्रेस नदी अडवून केलेला गाटून तलाव समुद्रसपाटीपासून २६ मीटर उंचीवर आहे. अटलांटिककडून आलेली बोट गाटूनच्या तीन हौदांतून पायरीपायरीने वर चढते. पलीकडे पेद्रो मिगेलच्या एका आणि मिराफ्लोरेसच्या दोन हौदांतून ती पॅसिफिकमध्ये उतरते. हौद भरायला पंप लागत नाहीत. तलावाचे पाणीच उताराने वाहत येते.

हा जुना हौद ३०५ मीटर लांब आणि ३३.५ मीटर रुंद. चढताना आपली १२ मीटरची बोट बहुधा मोठ्या मालवाहू जहाजाच्या मागे उभी असते. तळातून पाणी उसळते आणि थोड्याच वेळात बोट आठ-नऊ मीटर वर येते. मोठ्या जहाजांना काठावरची विजेची इंजिने तारांनी धरून ठेवतात. हौदाच्या मधोमध एकट्या उभ्या असलेल्या आपल्या बोटीला आधार असतो तो चार दोर आणि चार माणसांचा. एक जरी दोर सुटला, तरी बोट काँक्रीटच्या भिंतीवर आदळू शकते.

म्हणून तयारी आधीच करायची. कालवा प्राधिकरणाचा अधिकारी बोट मोजतो. पुढे आलेला नांगरसुद्धा लांबीत धरला जातो. क्लीट, भोंगा, शौचालय यांची तपासणी होते. शुल्क भरल्यावर तारीख मिळते. कालव्यात शिडावर जाता येत नाही, तेव्हा इंजिनचे फिल्टर, पट्टा, थंड पाण्याचा पंप आधी पाहून घ्यावा. वाटेत इंजिन बंद पडले, तर ओढून नेण्याचा खर्च मालकाच्या माथी.

दोर चार, प्रत्येक ३८ मीटर लांब, सुमारे २२ मिलिमीटर जाड आणि मध्ये गाठ नसलेला. दोन्ही बाजूंना भरपूर फेंडर. सुकाणूवर कप्तान, शिवाय चार दोरवाले. २० मीटरपेक्षा लहान बोटीवर प्राधिकरण आपला सल्लागार पाठवते. त्याला गरम जेवण, सीलबंद पाणी आणि बसायला सावली द्यावी लागते. पाहुणचार हासुद्धा नियमाचा भाग! बऱ्याच बोटी रात्री तलावात थांबतात, म्हणजे सर्वांच्या झोपण्याचीही सोय हवी.

तारखेबाबत मात्र मन मोकळे ठेवावे. २०२३ च्या दुष्काळात तलाव आटला आणि एरवी रोज ३६-३८ जहाजे जातात तिथे वर्षअखेरीस संख्या पंचवीसच्या खाली आणावी लागली.

खरा धोका पाणी वर आल्यानंतर असतो. दरवाजे उघडले की माणसे सैल पडतात. नेमके तेव्हाच पुढचे जहाज पंखा फिरवते आणि त्याचा लोट मागच्या बोटीवर येतो. सल्लागार सांगेपर्यंत दोर सोडायचा नाही, हे सर्वांना आधी बजावून ठेवावे.

हे शिकण्याची सर्वांत चांगली रीत तिथल्या लोकांनीच पाडली आहे. आज मी तुझ्या बोटीवर दोर धरतो, उद्या तू माझ्या. स्वतःची बोट नेण्याआधी परक्याच्या बोटीवरून एकदा कालवा पार करायचा. जिथे कोणाचे नातेवाईक नाहीत, तिथे अनोळखी माणसेच एकमेकांचा दोर धरतात. घरापासून दूर येऊन हे मंडळ उभे करणाऱ्या आपल्याला ही रीत वेगळी समजावून सांगायला नको.

गणपती बाप्पा मोरया!