कपाटातील सच्छिद्र दगड
(केंद्रशाळेतील शिक्षक-मेळाव्यात केलेले भाषण)



शाळेच्या कपाटातील नमुन्यांविषयी आज मला बोलावयाचे आहे. आरंभ माझ्याच एका चुकीपासून करतो. मी शिक्षक असताना एका विद्यार्थ्याने विहिरीच्या खोदकामातून भोकाभोकांचा एक दगड आणला होता. पुस्तकातील चित्र आठवून मी मोठ्या विश्वासाने चिठ्ठी लिहिली : 'समुद्री स्पंजाचा जीवाश्म, क्रिटेशस काल.' पुढे अनेक वर्षांनी विस्तार अधिकारी म्हणून त्याच शाळेस भेट दिली, तेव्हा सातवीतील एका मुलीने ती चिठ्ठी मला अभिमानाने वाचून दाखविली. अक्षर माझेच होते. दगड मात्र साधा मांजऱ्या होता.

खरा अश्मीभूत स्पंज कसा असतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. स्पंज हा प्राणी आहे. असंख्य बारीक छिद्रांतून तो पाणी आत घेतो व एखाद्या मोठ्या मुखातून बाहेर सोडतो. पाण्याचा हा प्रवाह रॉबर्ट ग्रँट यांनी १८२५ मध्ये दाखवून दिला. स्पंजाच्या अंगात सिलिकेचे किंवा चुन्याचे सूक्ष्म काटे असतात. त्यांस कंटिका म्हणतात. प्राणी मेला की कंटिका बहुधा विखुरतात. ज्या जातींत त्या एकमेकींस जुळून जाळी बनलेली असते, त्यांचाच आकार दगडात सहसा टिकतो.

अशा स्पंजांसाठी दक्षिण इंग्लंडमधील खडूचे थर प्रसिद्ध आहेत. क्रिटेशस हे नावच खडूच्या 'क्रेटा' या लॅटिन शब्दावरून १८२२ मध्ये पडले. हा काल सुमारे १४.५ कोटी ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. (आपण फळ्यावर झिजवतो तो खडू बहुधा जिप्समचा असतो; त्यावर व्हिनेगर टाकून मुलांना दाखवावे, तो फसफसत नाही.) त्याच १८२२ साली ससेक्स परगण्यातील वैद्य गिडियन मँटेल यांनी तेथील जीवाश्मांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. नरसाळ्याच्या आकाराच्या एका स्पंजास त्यांनी 'व्हेंट्रिक्युलाइटीस' हे नाव दिले. त्याच थरांत 'पोरोस्फेरा' नावाचे गोटीएवढे गोल स्पंज मिळतात. कित्येकांस आरपार भोक असल्याने ते मण्यांसारखे दिसतात. फॅरिंगडन गावाजवळच्या वाळू-खड्यांत मात्र 'रॅफिडोनेमा' हा पेल्यासारखा चुनामय स्पंज सुटा सापडतो. तो सुमारे ११ ते १२ कोटी वर्षांपूर्वीचा आहे.

खडूच्या थरांत चकमकीचे गोटे असतात, आणि नवखा संग्राहक तेथेच फसतो. चकमकीची सिलिका मुख्यतः विरघळलेल्या स्पंज-कंटिकांतूनच आलेली आहे, हे खरे. तरीही पेल्यासारखा दिसणारा प्रत्येक गोटा स्पंज नव्हे. फुटलेल्या बाजूवर जाळीदार भिंत दिसते का, मध्ये पोकळी व वर मुख आहे का, खाली मुळांसारखे तंतू आहेत का, हे पाहावे लागते. पोकळ गोट्यात कधी पांढरी भुकटी मिळते. ती सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर कंटिका दिसू शकतात. आम्लाची परीक्षा उपयोगी आहे, पण तिच्यावर विसंबू नये. सिलिकेच्या सांगाड्याची जागा कालांतराने चुन्याने किंवा तांबूस लोहद्रव्याने घेतलेली असू शकते. दगड आज कशाचा आहे एवढेच आम्ल सांगते. प्राणी कोणता होता, हे त्याच्या घडणीवरून ठरते. खडूतील मऊ नमुना घासून धुऊ नये, कारण ती घडणच निघून जाते.

हे सारे त्या वर्गात सांगून मी तो दगड भिंगाखाली ठेवला. मुलांनीच उत्तरे दिली. भोके एकमेकांस जोडलेली नव्हती. प्रत्येक भोक स्वतंत्र बुडबुड्यासारखे व आतून गुळगुळीत होते. काहींत पांढरे स्फटिक भरलेले होते. जाळी नव्हती, मुखही नव्हते. ती भोके लाव्हारसातील वायूच्या बुडबुड्यांची होती. गंमत अशी की, दख्खनचा हा काळा खडक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे क्रिटेशसच्या अखेरीच्या सुमाराचा आहे. माझ्या चिठ्ठीतील 'क्रिटेशस' हा शब्द निव्वळ योगायोगाने बराचसा बरोबर निघाला!

मुलांचा विरस झाला. तेव्हा त्यांस सांगितले की, जिवंत स्पंज आपल्याकडच्या गोड्या पाण्यातही असतात. मुंबईच्या तळ्यांतील स्पंजांचा अभ्यास हेन्री कार्टर या शल्यवैद्यांनी १८४० च्या दशकात तेथेच नोकरीत असताना केला, आणि पुढे ते या विषयाचे मोठे जाणकार झाले. तळ्यातील बुडालेल्या दगडांवर व काटक्यांवर हिरवट किंवा भुरकट खरबरीत थर दिसला, तर तो भिंगाने अवश्य पाहावा. शेवाळ बोटांना बुळबुळीत लागते, स्पंज खरखरीत लागतो. पाणी आटले की त्यात राईहूनही बारीक बीजासारखे कण आढळतात. त्यांतूनच पुढे नवा स्पंज वाढतो. मात्र मुलांस पाण्याकाठी एकटे पाठवू नये.

"मग जुनी चिठ्ठी फाडायची का?" असे त्या मुलीने विचारले. मी तिच्यावर एकच रेघ मारावयास सांगितली, आणि खाली नवी नोंद तिच्याच हातून लिहून घेतली : 'सच्छिद्र बेसॉल्ट. स्पंज नव्हे.' पुढे स्थळ लिहावयाचे होते. कोणाच्या विहिरीतून, किती खोलीवरून, कोणी आणला, यांतले काहीच मी त्या वेळी टिपून ठेवले नव्हते. तो रकाना अजून कोराच आहे.